पावणेदोन लाख भरून केनियाला सेवेला जाऊ का?

या वेळचं पत्र वेंगुर्ले तालुक्यातून आलंय. लिहिणारी २६ वर्षांची, जीएनएम केलेली, एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे. पत्र चार पानी आहे म्हणून मुद्द्याचं तेवढंच देते, नाव-गाव अर्थातच नाही.

"माई, सलाम. आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ मुंबईच्या एका मोठ्या चर्चबरोबर ऑगस्टमध्ये केनियाला मिशन ट्रिपला चाललाय. किसुमू शहराजवळच्या एका खेड्यात. १२ जण, १४ दिवस, माणशी १ लाख ७५ हजार. मेडिकल कॅम्प, शाळेच्या भिंती रंगवणं, अनाथाश्रमात मुलांसाठी प्रोग्रॅम, शेवटी दोन दिवस मसाई मारा अभयारण्य. मी नर्स म्हणून कॅम्प माझ्याकडे दिलाय. माझे साठलेले ६० हजार आहेत. बाकीचे नातेवाईक आणि मंडळीकडून उभे कर, कमी पडले तर पतसंस्थेतून घे, विश्वासाने पाऊल टाक, प्रभू पुरवील असं लीडर म्हणतात. बाबांची छोटी होडी आहे. ते म्हणाले, 'तुका हय काम नाय काय गो?' आणि तेव्हापासून नीट बोलत नाहीत. आई म्हणते जाऊदे, पोरगी कधी कुठे गेली नाही. मला जायचंय माई, खूप जायचंय, पण रात्री झोपताना वाटतं मी सेवेला चाललेय की फिरायला? बाबांना काय सांगू? लीडर म्हणतात पुढच्या वर्षी नेपाळ करू, त्याचं पण सांगा. आणि तिकडच्या लोकांना भेट म्हणून काय नेऊ?"

बाय, सलाम.

तू रात्री स्वतःला जे विचारतेस ना, त्याचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे ते डोक्यातून जाईल. दोन्हीला. सेवेला पण आणि फिरायला पण. यात लाजायचं काही नाही, २६ व्या वर्षी विमानात बसावं, जिराफ बघावा असं वाटणं म्हणजे काय पाप आहे काय, मला या वयात पण वाटतं. फक्त फिरण्याचा खर्च सेवेच्या पावतीवर फाडायचा नाही. मंडळीतली एखादी विधवा बाई सुकी मासळी विकून अर्पणाच्या थैलीत शंभराची नोट टाकते, तिला वाटतं हे आजाऱ्यांसाठी चाललंय, त्यातून जीपची सफारी होता कामा नये. मसाई माराचे पैसे प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून आणि वेगळे भरायचे, एवढं तरी लीडरकडे ठामपणे माग. त्यावर ते काय बोलतात त्यावरूनच तुला निम्मं कळेल.

आता तू दिलेलाच हिशोब मांडूया. १४ दिवसांतले दोन जाण्यायेण्यात गेले, दोन मसाई मारात, एक रविवार उपासनेचा आणि एक दिवस ओळखपाळख, हॉलची साफसफाई, टीमचे टीशर्ट वाटप वगैरे. राहिले आठ. त्यात तू लिहिलंयस की दोन दिवस कॅम्प, तीन दिवस रंगकाम, तीन दिवस मुलांचे प्रोग्रॅम. १२ जणांचे मिळून २१ लाख रुपये होतात गो, आणि त्यातला एक रुपया तरी त्या खेड्यातल्या दवाखान्यात किंवा शाळेत मागे राहतो का याचा तुझ्या चार पानांत कुठे पत्ताच नाही. तुलाही कोणी सांगितलेलं नसणार. बजेटचा कागद माग, तोंडी नको. आणि ऑगस्टच का, तेही विचार. ऑगस्टमध्ये केनियात शाळांना सुट्टी असते, म्हणजे शाळा रंगवायला मोकळी मिळेल हे खरं, पण शाळेत पोरं आणि मास्तर कोणी भेटणार नाही, आणि नेमके त्याच दिवसांत टांझानियाकडून विल्डबीस्टचे कळप मसाई मारात आलेले असतात, तो तिथला सगळ्यात महागडा सीझन. तारखा कोणाच्या सोयीने ठरल्या हे मी इथे बसून कशाला बोलू.

हा हिशोब करणारी मी पहिली नाही. १९९८ मध्ये मिच नावाचं चक्रीवादळ होंडुरासवर आलं, हजारो माणसं गेली, घरं वाहून गेली, मग अमेरिकेतून चर्चचे गटच्या गट घरं बांधायला विमानाने गेले. तिथेच राहणारे समाजशास्त्राचे एक प्राध्यापक, कर्ट व्हर बीक, त्यांनी नंतर त्याचा अभ्यास केला. गटांनी बांधलेलं एक घर प्रवासखर्च धरून साधारण ३० हजार डॉलरला पडलं, आणि तिथल्याच ख्रिस्ती संस्थांनी स्थानिक गवंडी लावून बांधलेलं घर साधारण २ हजार डॉलरला. घरात राहायला गेलेल्या कुटुंबांना विचारलं तर घर परदेशी पाहुण्यांनी बांधलं की गावच्या गवंड्यांनी, याने त्यांच्या आयुष्यात काही वेगळा फरक पडलेला दिसला नाही. त्यांना घर हवं होतं, ते मिळालं. एवढंच.

आणि आपल्याला तरी हे होंडुरासकडून का शिकायला हवं? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा तू शिकत असशील, पण आठवत असेल. खांब आडवे, घरांची कौलं उडालेली, दिवसेंदिवस लाईट नाही. तेव्हा लोक कोणाची वाट बघत होते? महावितरणच्या वायरमनची आणि पत्रे-कौलं चढवणाऱ्या माणसाची. दोन महिन्यांनी २२ जुलैला चिपळूण बुडालं, तिथे बाहेरून माणसं आली ती दोन प्रकारची. एक, फावडी आणि गमबूट घेऊन आलेली पोरं, जी पहिल्या दिसेल त्या दुकानदाराला "काका, कुठून सुरू करू" विचारून गुडघाभर चिखलात उतरली. दुसरी, जुन्या कपड्यांची गाठोडी उतरवून, बॅनर धरून फोटो काढून संध्याकाळच्या आत परत गेलेली, आणि मग ते कपडे आवरायचं पण काम त्या बुडालेल्या माणसांवरच. दोघांचं मन चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला फरक लगेच कळतो. किसुमूजवळच्या त्या खेड्यात तुम्ही यातले कोण असाल?

तू रविवारी शाळेत मुलांना बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची गोष्ट शिकवत असशील, ती जरा पुन्हा वाच. आपण सगळे जखमा बांधण्यापर्यंत सांगतो आणि थांबतो. पुढचं बघ ना. तो त्या माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, एक रात्र जवळ राहतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून उतारशाळेच्या माणसाला देतो आणि सांगतो की याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर मी परत येताना देईन. म्हणजे स्वतःला जेवढं जमत होतं तेवढं केलं, पुढचं काम जो तिथेच राहतो त्याच्या हातात दिलं, पैसे दिले ते पण त्याच्या हातात, आणि परत यायचं कबूल केलं. मला तुझ्या ट्रिपबद्दल जे म्हणायचंय ते एवढंच आहे गो. त्या गावातला उतारशाळेचा माणूस कोण आहे ते आधी शोध. त्याने तुम्हाला बोलावलंय का, काय करायला बोलावलंय, पैसे त्याच्याकडे जातायत का आणि तुम्ही परत त्याच्याकडे जाणार आहात का. याची उत्तरं बरी मिळाली तर खुशाल जा, माझा तुला पाठिंबा. नाही मिळाली तर तुझे ६० हजार बँकेतच राहूदेत.

आता कॅम्पचं सविस्तर बोलते कारण तो तुझ्या गळ्यात घातलाय आणि चुकलं तर नाव तुझंच येणार.

आपल्याकडचे कॅम्प तू पाहिलेत. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, एक म्हातारी येते, पदराने घाम पुसत बसते, बीपी बघितलं तर १८० वर ११०. डॉक्टर दहा गोळ्यांची स्ट्रिप देतात, रोज सकाळी एक घ्या म्हणतात, ती मान डोलावते, घरी जाऊन ती स्ट्रिप फडताळात रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवते, आणि चक्कर आली की त्या दिवशी एक घेते. दहा संपल्या की संपल्या. आपल्याकडे निदान पुढे पीएचसी आहे, आशा ताई घरी जाऊन विचारते. तुम्ही तिकडे दोन दिवसांत शेकडो माणसं तपासून विमानात बसणार, मग अकराव्या दिवशीची गोळी कोण देणार? बीपी, शुगर हे दोन दिवसांचे आजार नाहीत हे नर्सला मी कशाला सांगू.

त्यात परत तो भाग तुझ्या ओळखीचा नाही. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे, तिकडे मलेरिया कायमचा, सिकल सेल पण बराच. तापाने फणफणलेलं पोर समोर आलं की तिथल्या सिस्टरचा हात आधी मलेरियाच्या टेस्टकडे जातो, तुझा कदाचित पॅरासिटामॉलकडे जाईल. लोक लुओ भाषा बोलतात. पोटात दुखतंय, जळजळतंय की मळमळतंय हे तू दुभाष्याकडून काढणार, तेवढ्यात मागे रांग वाढत जाणार. शिवाय तिकडे नर्सिंग कौन्सिल आहे, परदेशी नर्सला पेशंटला हात लावायच्या आधी त्यांच्याकडे नोंदणी करावी लागते. आपल्या हॉस्पिटलात एखादी बाहेरच्या देशातली मुलगी टीशर्ट घालून आली आणि कागद न दाखवता इंजेक्शन द्यायला लागली तर तुमची मेट्रन काय करील? मग तिकडे वेगळं का चालावं.

आणि औषधं. तू लिहिलंयस की टीम डॉक्टरांकडून सॅम्पल गोळा करतेय. नको. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम कधीच घालून दिलेत, त्यात डॉक्टरांना फुकट मिळालेली सॅम्पल द्यायची नाहीत आणि औषध तिकडे पोचताना त्याची किमान एक वर्ष मुदत बाकी हवी असं सरळ म्हटलंय. वीस कंपन्यांच्या चार-चार गोळ्या, वेगवेगळी नावं, तिकडच्या फार्मसिस्टला त्यातून काय लागणार? पैसे दिले तर तो त्यांच्या यादीतली, त्यांच्या ओळखीची औषधं घेईल, आणि उरलेली दवाखान्यातच राहतील.

मग तू काहीच करायचं नाही का? तसं नाही. आपल्या आशांसारख्याच केनियात कम्युनिटी हेल्थ प्रमोटर आहेत, २०२३ मध्ये सरकारने त्यांना किट देऊन गावोगाव कामाला लावलंय. त्या गावातली प्रमोटर आणि जवळच्या दवाखान्याची सिस्टर, या दोघी म्हणजे तुझी उतारशाळेची माणसं. लीडरला मध्ये घालून त्या सिस्टरला पत्र पाठव, साधं, की मी तुमच्यासारखीच नर्स आहे, मला दोन आठवडे आहेत, तुम्हाला मी कशाला उपयोगी पडेन आणि कशाला नको. ती म्हणेल रजिस्टर भरून दे, बाळांची वजनं करताना वही धर, गर्दीच्या दिवशी बीपी बघ, माझ्या हाताखाली. ती म्हणेल तू येऊच नकोस, त्यापेक्षा आमच्या बीपीच्या पेशंटांची सहा महिन्यांची औषधं भर. जे म्हणेल ते कर. हे उत्तर यायला तीन आठवडे लागले तर तीन आठवडे थांब, त्या आधी एक पैसा भरू नको. आणि तिला असं कोणी विचारलेलंच नाही, किंवा अशी कोणी सिस्टर आहे हेच टीमला माहीत नाही असं निघालं, तर मग कॅम्पमधून नाव काढून घे.

अनाथाश्रमाचं मात्र माझं उत्तर एका शब्दात आहे. नको. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाबा, एक तरी पालक जिवंत असतो, हे युनिसेफ कित्येक वर्षं सांगत आलंय. घरात खायला नाही, शाळेची फी नाही म्हणून पोर तिथे ठेवलेलं असतं. पाहुणे येतात, खाऊ आणि डोनेशन येतं, म्हणून मग जागा भरलेल्या ठेवायच्या, असं पण होतं. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांचा ठराव केला त्यात असल्या पाहुण्या व्हॉलंटियरच्या प्रकाराचा उल्लेख आहे, आणि केनिया सरकारने तर २०२२ पासून दहा वर्षांचा आराखडाच केलाय मुलांना संस्थांतून काढून घरात, नात्यात परत नेण्याचा. म्हणजे त्यांचं सरकार पोरांना बाहेर काढतंय आणि आपण गाणी म्हणायला आत चाललोय. तीन वर्षांचं पोर तीन दिवस तुझ्या गळ्यात पडेल, चौथ्या दिवशी तू नाहीस, पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशाची दुसरी ताई. तुला तो फोटो आयुष्यभर गोड वाटेल, पोराला काय वाटेल ते बघ. आणि फोटोचंच म्हणशील तर आपल्याकडे बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे बालगृहातल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो छापणं हा गुन्हा आहे. जे सिंधुदुर्गात करायला घाबरशील ते तिकडे जाऊन स्टेटसला लावायचं नाही. त्या तीन दिवसांचे पैसे त्या गावातल्या मंडळीने ठरवलेल्या एखाद्या गरीब घराला पोरं घरी ठेवता यावीत म्हणून दिले तर कितीतरी बरं.

भिंती रंगवण्याबद्दल काय बोलू. किसुमूत रंगारी नाहीत काय? त्यांना पोरंबाळं नाहीत काय? रंगाचे आणि मजुरीचे पैसे पाठवा, गावच्या दोघांना आठ दिवस काम मिळेल आणि रंगाचे ओघळ पण येणार नाहीत. तुमच्या टीममध्ये एक तरी जण असा आहे का ज्याने स्वतःच्या घराची भिंत रंगवलीय, खरं सांग.

पैशाचं आता. पतसंस्थेचं कर्ज काढायचं नाही, हे मी तुझी सख्खी मावशी असते तरी असंच दरडावून सांगितलं असतं. प्रभू पुरवील यावर माझापण विश्वास आहे, पण पतसंस्थेचा हप्ता प्रभूच्या नावावर नसतो, तुझ्या सहीवर असतो, आणि जामीन म्हणून बाबांची सही घेतील. ज्या लीडरला विश्वास आणि बजेट यातला फरक करता येत नाही त्याच्या हातात परदेशात १२ पोरापोरींचे पासपोर्ट द्यायचे का हा प्रश्न मला तरी पडतो. पासपोर्ट स्वतःजवळच ठेव, कोणी "सेफ्टीसाठी" मागितला तरी. दुसरं, मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून हे पैसे जाणार असतील तर खजिनदारांना म्हणावं आधी सीएला विचारा. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरात सवलत सहसा मिळत नाही, त्याला खास मंजुरी लागते, उगाच मंडळीच्या मागे नोटिशीचं लचांड नको. नातेवाइकांकडे मागायचंच असेल तर दोन आकडे वेगळे सांग, एवढे माझ्या तिकिटाचे आणि एवढे तिकडच्या दवाखान्याचे. आणि दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा तरी हवा, नाहीतर मागू नको.

टीम १२ चीच का, हे पण विचारून बघ. दोन नर्सा आणि एक हिशोब समजणारा माणूस असे तीन जण गेले, तीन आठवडे राहिले आणि परत पुढच्या वर्षी तेच तिघे त्याच गावात गेले, तर खर्च कितीतरी खाली येतो आणि तिकडची माणसं तुम्हाला नावाने ओळखायला लागतात. पण तुमचे लीडर पुढच्या वर्षी नेपाळ म्हणतायत. यावर्षी केनिया, पुढच्या वर्षी नेपाळ, त्याच्या पुढे काय, बाली? गो, ही टूर कंपनीची ब्रोशर झाली. आणि नेपाळचं नीट ऐक. तिकडे आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर पण जाता येतं, म्हणून लोकांना ते घरच्यासारखं वाटतं. पण नेपाळच्या २०१५ च्या संविधानातच धर्मांतर करवण्याला मनाई आहे, आणि फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. तुम्ही पत्रकं वाटून, फोटो काढून घरी याल. पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यायला तिथली मंडळी आणि तिथला पाळक मागे राहील. तिकडच्या मंडळीने स्वतः बोलावल्याशिवाय तो विषय काढूच नये.

आता बाबा. बाबांचा प्रश्न बरोबर आहे पण तो अर्धाच आहे. इथे काम आहे म्हणून दूर जाऊ नये असं असतं तर वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल झालंच नसतं. अमेरिकेत काय पेशंट नव्हते? तरी अमेरिकन मिशनरी डॉ. गोहीन इतक्या लांब आले. पण ते पंधरवड्यासाठी आले नव्हते. इथे राहिले, संसार इथे केला, त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला, जो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० भारतात अमेरिकेचा राजदूत होता. (वेंगुर्लेकरांना हे सांगितलं की निम्मे लोक चाट पडतात.) तर दूर जाण्यात चूक नाही हे बाबांना सांगता येईल. पण मला नाही वाटत बाबा खरं त्याबद्दल बोलतायत. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, ऑगस्टच्या सुरवातीला होडी पाण्यात घालायची, इंजिनचं काम, जाळं, डिझेल, दोन महिने आवक कमी असताना हा सगळा खर्च एकदम अंगावर येतो, आणि नेमकं तेव्हाच घरात पावणेदोन लाखांची भाषा चाललीय. त्यात कर्जाचं ऐकलं असणार. तुझ्याशी बोलत नाहीत ते रागाने की काळजीने, तूच ओळख. उद्या सकाळी त्यांच्या शेजारी जाऊन बस, आणि पहिलं वाक्य हे बोल की मी कर्ज काढणार नाही. केनियाचं नंतर. मग सांग की मी त्या सिस्टरला पत्र पाठवतेय, तिने बोलावलं तर जाईन, नाहीतर नाही, आणि गेले तर माझ्या साठलेल्यातून आणि पुढच्या वर्षी, ऑगस्ट सोडून. बाबांना हिशोब आणि सिस्टरचं पत्र आलं की ते दाखव. होडी चालवणाऱ्या माणसाला अंदाज घेऊन मग समुद्रात जाणं म्हणजे काय ते कळतं, त्यांना मुंबईच्या लीडरच्या भाषणापेक्षा हे जास्त पटेल.

जायचं ठरलंच तर चार गोष्टी लक्षात ठेव. केनिया यलो फीवरच्या यादीत आहे, लस घेऊन दहा दिवस झाल्याशिवाय सर्टिफिकेट लागू होत नाही, आणि ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेल्या सरकारी केंद्रांवरच, तर आधी फोन करून वार विचारून जा. मलेरियाच्या गोळ्या जायच्या आधीपासून सुरू करायच्या, डॉक्टरांना विचारून. आणि सरोवर दिसलं की तुझे पाय शिवशिवणार हे मला माहीत आहे, पण व्हिक्टोरियाच्या पाण्यात पाय घालायचा नाही. खारं पाणी नाही ते, गोडं आहे, त्यात गोगलगायींमुळे बिल्हार्झियाचा किडा असतो आणि तो सरळ कातडीतून आत शिरतो. काठावर उभी राहून बायका ओमेना वाळवतात ते बघ, आपल्या सुकटीसारखीच बारीक चंदेरी मासळी, जाळ्यावर पसरलेली, वासाने तुला घरी आल्यासारखं वाटेल. व्हिसाऐवजी आता तिकडे ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढावं लागतं, त्यात येण्याचं कारण खरं लिहायचं, दवाखान्यात काम करणार असाल तर टुरिस्ट म्हणून लिहून निभावून नेऊया असं कोणी म्हणालं तर ऐकायचं नाही, वेगळा पास लागतो का ते तिकडच्या चर्चकडून लेखी मागून घ्या.

भेट काय नेऊ विचारलंस. काजू नेऊ नको, केनियाच्या किनाऱ्यावर काजू पण आहेत आणि आंबे पण, ते हसतील. त्या सिस्टरसाठी चांगल्या कंपनीचा बीपीचा कफ ने, लहान मुलांचा आणि मोठ्यांचा दोन्ही, पण आधी विचारून, तिच्या मशीनला कुठला बसतो ते. बाकी कोणाला काही न्यायचंच असेल तर सावंतवाडीची लाकडी फळं ने, वजनाला हलकी आणि कस्टमवाल्याला समजावताना जरा मजा. फक्त दुकानदार प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देईल ती घरीच काढून ठेव. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि दंड जबर आहे. आईची एखादी जुनी कापडी पिशवी घे.

— माई